दर सांगितला, पण माप कुठलं?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत लाकडाच्या मोजणीचे प्रश्न बरेच होते. प्रत्येकाची तक्रार वेगळी आहे, पण मुळात सगळीकडे एकच गोष्ट राहून गेलेली दिसते. घनफुटाचा दर ठरला. घनफूट कसा मोजायचा, हे कुणी ठरवलंच नाही. म्हणून इथे आकडेमोड पूर्ण मांडून उत्तरं दिली आहेत. कागद-पेन्सिल घेऊन वाचा.

प्रश्न : मुरबाडजवळच्या आमच्या शेतातले साग रीतसर परवानगी घेऊन तोडले. व्यापाऱ्यानं एका ओंडक्याचा घेर ४२ इंच आणि लांबी १० फूट लिहून ७.६६ घनफूट माप काढलं. मुलानं वर्तुळाच्या क्षेत्रफळावरून हिशेब केला तर ९.७५ घनफूट आलं. दोन घनफूट गेले कुठे? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : दोघांचंही गणित बरोबर आहे. व्यापाऱ्यानं चौथाई घेराचं सूत्र वापरलं. घेराचे चार भाग करायचे, एका भागाचा वर्ग करायचा आणि त्याला लांबीनं गुणायचं. घेर इंचांत आणि लांबी फुटांत असेल तर शेवटी १४४नं भागायचं. ४२ भागिले ४ म्हणजे १०.५, त्याचा वर्ग ११०.२५, गुणिले १०, भागिले १४४ : ७.६६ घनफूट. ही पद्धत १८व्या शतकात इंग्लंडमध्ये एडवर्ड हॉपस यांच्या कोष्टकांमुळे रूढ झाली आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली. हिच्यानं ओंडक्याच्या खऱ्या घनफळाच्या ७८.५४ टक्केच माप येतं. उरलेले साडेएकवीस टक्के म्हणजे ओंडका चौरस करताना निघणाऱ्या कडेच्या गोलसर फळ्या आणि भुसा यांची सूट, असं धरलं जातं. तुमच्या मुलानं काढलेलं माप खरं घनफळ आहे. त्याचा सोपा मार्ग हवा असेल तर त्याच सूत्रात १४४च्या जागी ११३नं भागा.

चौथाई घेरानं मोजणं ही फसवणूक नाही. मात्र दरही त्याच मापाचा हवा. समजा, व्यापारी २,००० रुपये घनफूट म्हणाला. ७.६५६ घनफुटांचे १५,३१२ रुपये झाले. तीच रक्कम खऱ्या घनफळावर पसरली तर दर साधारण १,५७० रुपये पडतो. आता दुसरा व्यापारी 'मी पूर्ण घनफळ धरतो, १,६०० देतो' म्हणाला, तर त्याचा दर दिसायला ४०० रुपयांनी कमी असला तरी तुम्हाला पैसे जास्त मिळतील. दोन दरांची तुलना करताना आधी दोन्ही एका मापावर आणा. घनमीटर शब्द ऐकूनही गाफील राहू नका, कारण चौथाई घेराचं सूत्र मीटरमध्येही चालवतात. तुमचा ओंडका त्या हिशेबानं ०.२१७ घनमीटर आहे आणि खरं घनफळ ०.२७६ घनमीटर. वैधमापन कायदा, २००९ मेट्रिक एकक मागतो, म्हणून बिलावर घनमीटर असणं योग्यच. तो कुठल्या सूत्रानं काढला तेही शेजारी लिहून घ्या.

सूत्रापेक्षा जास्त नुकसान टेप कुठे आणि कसा गुंडाळला यावरून होतं. ते सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट साल. माप सालीसकट की साल काढून, हे आधी ठरवा. अर्धा इंच जाड साल असेल तर घेरात ३.१४ इंचांचा फरक पडतो, कारण जाडीच्या सव्वासहा पटीहून किंचित जास्त घेर कमी होतो. ४२ इंच सालीवरचा घेर असेल तर आतल्या लाकडाचा घेर ३८.८६ इंच, आणि माप ६.५५ घनफूट. म्हणजे एकाच ओंडक्यात १.१ घनफूट. पण काही ठिकाणी ठरावीक दोन-तीन इंच सरसकट वजा करतात. जाड बुंध्याला आणि वरच्या बारीक ओंडक्याला एकच वजावट लावली की बारीक मालात तुमचं नुकसान होतं, कारण वरची साल पातळ असते. प्रत्येक ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर साल उघडी दिसते. दोन-तीन जागी पट्टी लावून मोजा आणि सरासरी घ्या.

दुसरी गोष्ट टेपची जागा. घेर मधोमध घ्यायचा. १० फुटांच्या ओंडक्यावर ५ फुटांवर खडूची खूण करा आणि टेप ओंडक्याला काटकोनात फिरवा. तिरका फिरला तर घेर वाढतो. मधोमध नेमकी गाठ किंवा फांदीचा फुगवटा आला तर खुणेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन घेर घ्या आणि सरासरी काढा. काही जण दोन टोकांच्या घेरांची सरासरी घेतात. सागाच्या बुंध्याशी हे धोक्याचं आहे. तिथे खोड पसरतं, पन्हळी पडतात आणि टेप पन्हळींच्या वरून ताणला जातो. बुंध्याशी ५४, मध्ये ४२ आणि शेंड्याशी ३६ इंच असेल तर टोकांची सरासरी ४५ येते आणि माप ८.७९ घनफूट होतं. हे विकणाऱ्याच्या फायद्याचं वाटेल, पण घेणारा पुढच्या खेपेला दर पाडतो. वाद नको असेल तर तिन्ही घेर घ्या. प्रत्येकाच्या चौथाईचा वर्ग काढा, मधल्याला ४नं गुणा, तिन्हींची बेरीज ६नं भागा. इथे (१८२.२५ + ४४१ + ८१) ÷ ६ = ११७.४ येतात आणि माप ८.१५ घनफूट. निमुळत्या ओंडक्याला हेच सर्वांत जवळचं माप आहे.

तिसरी गोष्ट खाली सोडलेले अपूर्णांक. घेर ४२¾ इंचांचा ४२ लिहिला आणि लांबी १० फूट ५ इंचांची १० फूट लिहिली, तर ८.२६चे ७.६६ होतात. सात टक्के. नगाला किरकोळ वाटतं, पण ५० नगांच्या चळतीत ते साडेतीन नगांइतकं आहे. घेर पाव इंचापर्यंत आणि लांबी इंचापर्यंत लिहायची, असं मोजणी सुरू होण्यापूर्वी सांगा. प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर रंगानं क्रमांक घाला आणि यादी दोघांकडे ठेवा.

पोकळ ओंडक्याबद्दल एवढंच : वजावट त्याच सूत्रानं व्हायला हवी. ६ इंच व्यासाची पोकळी असेल तर तिचा घेर १८.८५ इंच, चौथाईचा वर्ग २२.२, दहा फुटांत १.५४ घनफूट वजा. पण ओंडका चौथाई घेरानं मोजायचा आणि पोकळी मात्र ६ × ६ चौरस धरून २.५ घनफूट वजा करायची, हे गणित चालू देऊ नका. पोकळी पूर्ण लांबीची आहे का, हे दोन्ही तोंडांतून सळई घालून पाहा. तिच्या भोवतीचं भुसभुशीत झालेलं लाकूड मात्र पोकळीतच धरावं. तो घेणाऱ्याचा हक्क आहे.

प्रश्न : सुतारानं दाराच्या सागवानी चौकटीला १.५२ घनफूट लावलं. चौकट बसल्यावर आम्ही मोजलं तर १.३० भरलं. (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : चौकट ५ × २½ इंचांची, दोन उभे ७ फुटी आणि आडवं ३½ फुटी असावं, कारण या मापाचं उत्तर नेमकं तेवढंच येतं. चिरलेल्या लाकडाचं सूत्र सरळ आहे. रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४. ५ × २.५ × १७.५ ÷ १४४ = १.५२. यात सूट कसलीच नसते.

मिलमधून आलेल्या लाकडाला रंधा मारला की प्रत्येक बाजूनं साधारण एक सूत, म्हणजे १/८ इंच जातं. दोन समोरासमोरच्या बाजूंचं मिळून पाव इंच. ५चे ४¾ होतात आणि २½चे २¼. त्या मापानं १.३० येतं. म्हणजे तुमच्या सुतारानं रंध्याआधीचं माप लावलं आणि ठाणे-नवी मुंबईत बहुतेक ठिकाणी तसंच लावतात. त्यानं खोटं काही केलं नाही. तरी पाव घनफुटाच्या आसपासचा फरक काम झाल्यावर कळणं वाईट. 'माप रंध्याआधीचं की नंतरचं' हे दर ठरवतानाच विचारा.

संशय कधी घ्यावा? चौकट तयार झाल्यावर ४½ × २ भरली, तर. तेवढं लाकूड रंध्यानं जात नाही. मुळात माल कमी मापाचा चिरलेला होता, आणि बिलावरच्या १.५२च्या जागी तुम्हाला १.०९ घनफूट मिळालं. म्हणून चौकटीचं लाकूड दारात उतरतं तेव्हाच, रंधा लागण्याआधी, प्रत्येक नगाची रुंदी-जाडी दोन टोकांना आणि मध्ये अशी तीन जागी मोजा आणि सर्वांत कमी आकडा लिहा. मध्ये बारीक आणि टोकांना जाड असा नग आढळला तर करवत भरकटली आहे. तो नग रंध्यात आणखी बारीक होणार.

बसलेली चौकट मोजताना आणखी एक चूक होते. आडव्याची दोन टोकं उभ्यांत घुसवलेली असतात. नुसता दिसणारा भाग मोजला तर ती लांबी सुटते आणि विनाकारण सुतारावर आळ येतो.

प्रश्न : तुर्भ्याला पॅकिंगचे लाकडी पॅलेट बनवतो. एका पॅलेटला कागदावर १.११ घनफूट पाइन लागतं, म्हणजे १०० घनफुटांत ९० पॅलेट निघायला हवेत. प्रत्यक्षात ७०च्या पुढे जात नाही. पुरवठादार कमी माल देतो का? (एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : माल मोजून घ्याच, पण आधी करवतीकडे पाहा. तुम्ही पाठवलेल्या नकाशात १२०० × १००० मिलिमीटरच्या पॅलेटला वर ७ आणि खाली ३ फळ्या आहेत, प्रत्येक १००० × १०० × १८ मिमी. मध्ये १२०० × ७५ × ५० मिमीचे ३ दांडे. एकूण ०.०३१५ घनमीटर, म्हणजे १.११ घनफूट. हे तयार लाकडाचं माप झालं. करवत खाते ते यात नाही.

फळ्या तुम्ही १०० मिमी जाडीच्या चौकोनी नगातून काढता आणि गोल करवतीचा चीर ४ मिमी आहे. पाच फळ्यांचे ९० मिमी आणि मधल्या चार चिरांचे १६ मिमी, बेरीज १०६. नग १०० मिमीचा. पाचवी फळी बसत नाही! चारच निघतात आणि १२ मिमीची पट्टी उरते. म्हणजे नगातलं ७२ टक्केच लाकूड फळीत उतरतं. आता पट्टा करवतीचा २ मिमी चीर धरा : ९० अधिक ८, म्हणजे ९८ मिमी. पाच फळ्या निघतात. तेच लाकूड, तीच फळी, पण ९० टक्के उतारा. दांड्यांच्या कापणीत १५ टक्के जातात असं धरलं, तर गोल करवतीनं १०० घनफुटांत ६९ पॅलेट येतात आणि पट्टा करवतीनं ७८-७९. तुमचा आकडा करवतीशी अगदी जुळतो.

पट्टा करवत लगेच घेता येत नसेल तर पुरवठादाराकडे १०६-१०८ मिमी जाडीचा नग मागा, किंवा ग्राहक तयार असेल तर फळी १६ मिमीची करा. ५ × १६ अधिक ४ × ४ म्हणजे ९६. गोल करवतीनंही पाच बसतात. दुसरा मार्ग स्वस्त आहे, पण पॅलेटवर किती वजन चढणार हे ग्राहकाला विचारल्याशिवाय तो धरू नका.

पट्टा करवतीच्या हिशेबात सैल जागा फक्त २ मिमी आहे, हे लक्षात ठेवा. ओल्या लाकडाचा १०० मिमीचा नग तुमच्या शेडमध्ये वाळून ९७ झाला की पाचवी फळी पुन्हा गेली. लाकडातला ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की लाकूड आकसायला लागतं. त्याच्या वर कितीही पाणी गेलं तरी मापात फरक पडत नाही. आकसतं ते रुंदी-जाडीत. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून माल घेताना ओलावा मोजायच्या यंत्राच्या सुया नगाच्या वरच्या पृष्ठभागात खुपसू नका, तो वाळलेलाच असतो. एक नग मधोमध कापून ताज्या तोंडावर मोजा. निर्यातीच्या पॅलेटचा गाभा ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटं तापवतात, त्यामुळे लाकूड वाळलं असा समज बऱ्याच ठिकाणी आहे. ती प्रक्रिया कीड मारण्यासाठी आहे. तेवढ्यानं लाकूड आतून वाळत नाही.

बदलाचे आकडे तुम्ही मागितले होते : १ घनमीटर म्हणजे ३५.३१५ घनफूट, १ घनफूट म्हणजे १२ बोर्ड फूट, म्हणजे १ घनमीटरला साधारण ४२४ बोर्ड फूट. बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड. अमेरिकन माल या मापात येतो.

प्रश्न : सोसायटीच्या आवारात पावसात मोठा वर्षावृक्ष पडला. एक कंत्राटदार वजनावर पैसे द्यायला तयार आहे, दुसरा ट्रकवर, तिसरा घनफुटावर. आमच्या समितीला काही कळत नाही. (एक वाचक, वर्तकनगर, ठाणे)

उत्तर : आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला कळवा आणि उरलेलं खोड-फांद्या तोडायची परवानगी कागदावर घ्या, १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली ती जबाबदारी सोसायटीची आहे. मग झाडाचे दोन भाग वेगळे करा : चिरायला जाईल असं सरळ खोड, आणि जळणाच्या फांद्या. एकत्र विकलं तर खोड जळणाच्या भावानं जातं.

खोड ओंडक्यांत कापल्यावर पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे मोजा. दुबेळक्याची जागा स्वतंत्र तुकडा म्हणून कापा. ती लांब ओंडक्यात ठेवली तर मधला घेर चुकतो.

फांद्यांची सारख्या लांबीचे तुकडे करून थप्पी लावा. ८ फूट लांब, ४ फूट उंच, ४ फूट रुंद थप्पी १२८ घनफूट दिसते, पण मध्ये हवाही आहे. सरळ, जाडसर तुकडे नीट रचले तर ६० ते ७० टक्के लाकूड असतं; वाकड्या फांद्यांत ५०च्या आसपास. म्हणजे त्याच थप्पीत ८० घनफूटही असू शकतं आणि ६४ही. ट्रकमध्ये फेकून भरलं तर त्याहून कमी. ट्रकवर सौदा करायचा असेल तर हौद्याची लांबी-रुंदी आणि भरलेल्या मालाची सरासरी उंची लिहून घ्या. नुसतं 'एक ट्रक' लिहू नका. आपल्या थप्पीत नेमकं किती लाकूड आहे हे पाहायचं असेल तर काठोकाठ भरलेल्या २०० लिटरच्या ड्रममध्ये काही तुकडे काठीनं दाबून पूर्ण बुडवा आणि सांडलेलं पाणी मोजा. २८.३ लिटर पाणी म्हणजे एक घनफूट लाकूड. हे झटपट करा, कारण लाकूड पाणी पिऊ लागतं.

वजनाचा सौदा आत्ताच केला तर सोसायटीला बरा, पण तो आजच्या आजच उरकायला हवा. सुक्या लाकडाच्या तुलनेत ८० टक्के पाणी असलेल्या एक टन ओल्या लाकडात सुकं लाकूड ५५५ किलो असतं. तेच वाळून २० टक्क्यांवर आलं की वजन ६६७ किलो भरतं. लाकूड तेवढंच, पैसे एक तृतीयांश कमी. म्हणून 'पावसाळा संपल्यावर उचलतो आणि तेव्हाच काटा करतो' हे मान्य करू नका. काटा झाडाच्या जवळचा निवडा आणि रिकाम्या गाडीचं वजन त्याच काट्यावर त्याच दिवशी घ्या.

प्रश्न : प्लायवूडला घनफूट का लावत नाहीत? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : जाडी ठरलेली मानून ते चौरस फुटावर विकतात. ८ × ४च्या एका शीटचे ३२ चौरस फूट. १८ मिमीच्या शीटमध्ये १.८९ घनफूट लाकूड असतं. शीट १७ मिमीची निघाली तर लाकूड साडेपाच टक्क्यांनी कमी, बिल तेवढंच. व्हर्निअर कॅलिपरनं चारही कडांवर मोजा. कोपऱ्यांपासून थोडं आत, कारण कोपरे दबलेले असतात.

प्रश्न : स्टीलच्या टेपचं टोकाचं आकडं हलतं. टेप बिघडला का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ते मुद्दाम सैल बसवलेलं असतं. आकड्याच्या पत्र्याची जी जाडी, तेवढंच ते हलतं. नगाच्या टोकाला अडकवून ओढलं की ते बाहेर सरकतं आणि भिंतीला टेकवून दाबलं की आत. दोन्ही वेळा शून्य बरोबर जागी येतं. त्याहून जास्त हलत असेल किंवा वाकलं असेल तर टेप बदला, नाहीतर १ इंचाच्या खुणेपासून मोजायला सुरुवात करा आणि शेवटी १ इंच वजा करायला विसरू नका. ओंडक्याच्या घेराला कापडी टेप वापरत असाल तर महिन्यातून एकदा तो स्टीलच्या टेपशेजारी ताणून १० फुटांवर ताडून पाहा. कापडी टेप वापरून ताणला गेला की घेर कमी दाखवतो, आणि चौथाई घेराच्या सूत्रात घेराचा वर्ग होत असल्यामुळे घेरातली एक टक्का चूक मापात दोन टक्के होते.